नवव्या दिवशी बोळात वळलेला पंजा

गेल्या वर्षी मोहरमच्या नवव्या दिवशी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, कोल्हापुरात गंगावेशीजवळ माझ्या हातातला पंजा ठरलेला रस्ता सोडून डाव्या हाताच्या बोळात वळला. त्या वेळी बोळाच्या टोकाला, आतून कडी लावलेल्या खोलीत, सव्वीस वर्षांचा एक माणूस बेशुद्ध पडला होता. या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, ते मला माहीत नाही.

या सदरातले अनुभव मी अधूनमधून वाचतो. बहुतेक भिकार असतात. अमावास्या असते, गाडी बंद पडते, मागच्या सीटवर कुणीतरी असतं… आणि लिहिणाऱ्याला तारीख विचारली तर आठवत नाही. मी तेवीस वर्षं बातमीदार आहे. आजरा तालुक्यात विहिरीतून रडण्याचा आवाज येतो म्हणून गेलो, तर पंपाचा वॉल्व्ह फाटलेला निघाला. कळंब्याला झाडातून रक्त गळतं म्हणून गेलो, ते लाखेचं पाणी होतं. असल्या प्रकारांवर माझा विश्वास कधी नव्हता. आजही नाही. हे लिहितोय ते एवढ्यासाठीच, की माझ्या नावावर व्हॉट्सअ‍ॅपवर जी गोष्ट फिरते आहे ती खोटी आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात मोहरमचे पंजे तालमीतून बसतात. पंजा म्हणजे हाताच्या आकाराचा पितळी पत्रा, काठीच्या टोकाला लावलेला. त्याला फुलांचा सेहरा बांधतात. मानकरी बऱ्याचदा हिंदू असतात. दहा दिवसांत पंजे एकमेकांच्या भेटीला जातात. यावर आमच्या पेपरात दर वर्षी एक बातमी येते. ती मीच लिहितो. खरं तर लिहीत नाही — गेल्या वर्षीची फाईल उघडतो, तारीख बदलतो. ‘ऐक्याचे प्रतीक’, ‘पारंपरिक मार्गाने’, ‘उत्साहात’. शांतता समितीतले तेच चार पुढारी त्याच क्रमाने उपस्थित असतात. एका वर्षी त्यांतला एक वारला होता, तरी उपस्थित राहिला. कुणीही पत्र पाठवलं नाही.

ज्या तालमीत हे घडलं तिचं नाव देत नाही. दिलं तर आठवड्यात तिथे नारळाचा गाडा लागेल.

तिथल्या पंज्याचे मानकरी अण्णा. गुळाचे जुने व्यापारी, लिंगायत, घरात अर्धं कानडी बोलणारे. गळ्यात लिंग आणि खांद्यावर पंजा, असे ते चाळीस वर्षं चालत आलेत. पंज्याची निगा राखणारे दस्तगीर मुजावर, वय सत्तरच्या पुढे. आठव्या दिवशी संध्याकाळी मी तिथे गेलो, कारण संपादकांना या वेळी बातमीत ‘काहीतरी वेगळं’ हवं होतं. तालमीत एक सुदानी विद्यार्थी येतो असं ऐकलं होतं. परदेशी पाहुणा भारावला — चौकट तयार.

त्याचं नाव इद्रिस. इथे रसायनशास्त्रात संशोधन करत होता. बोलायचा हिंदी-इंग्रजी मिसळून. मी मराठीत देतोय. ‘भावा’ हा शब्द मात्र त्याचाच, तो त्याला तालमीतल्या पैलवानांनी शिकवला होता.

‘हे ऐक्य बघून तू भारावलास ना?’ मी विचारलं. वाक्य लिहून तयार होतं, फक्त हो म्हणायचं होतं.

‘नाही, भावा,’ तो म्हणाला. ‘आमच्याकडे असं काही करत नाहीत. मी याच्यापुढे वाकणार नाही. हे पितळ आहे. आणि तुम्ही पेपरात उत्साह म्हणता. कसला उत्साह? माणसं मेली होती.’

‘मग येतोस कशाला?’

‘नावं वाचायला.’

त्याने बोट वर केलं. पंज्याच्या प्रत्येक बोटावर अरबीत एकेक नाव कोरलेलं होतं. त्याने ती वाचली. पैगंबर मुहंमद, त्यांची मुलगी फातिमा, जावई अली, नातू हसन आणि हुसेन. अण्णा चाळीस वर्षं हे खांद्यावर घेऊन फिरत होते आणि नावं आज ऐकत होते.

‘अय्यो, पाच जण हाईत व्हय ह्यात?’ अण्णा म्हणाले. ‘आमी आपलं पीर म्हणून उचलतोय.’

‘पाच जणांचं वजन उचलताय की तुमी, अण्णा.’ दस्तगीर म्हणाले. ‘म्हणूनच म्हटलं दर वर्साला वाटंत चहाला थांबणं का वाढतुया.’

मी इद्रिसला म्हटलं, तुमचं आपसात कुठे पटतं? अरबांचं इराण्यांशी नाही, शियांचं सुन्नींशी नाही, तुमच्याच देशात लढाई चालली आहे. मग या एका घराण्यावर सगळ्यांचं एवढं प्रेम कसलं? मी हे खिजवायला विचारलं होतं.

तो चिडला नाही. म्हणाला, ‘नमाज संपायच्या आधी आम्ही दुरूद म्हणतो. मुहंमदांवर आणि त्यांच्या घरच्यांवर कृपा कर म्हणून. मी खार्तुममध्ये म्हणत होतो, तुर्की माणूस तुर्कस्तानात म्हणतो, हे चाचा इथे म्हणतात. दिवसातून पाच वेळा एखाद्या घराचं नाव घेतलं, तर ते घर परकं कसं राहील?’

दस्तगीरनी मान हलवली.

‘आणि मुहंमदांनी मागितलं काय?’ इद्रिस पुढे म्हणाला. ‘एवढं सगळं सांगितलं त्याची मजुरी नको, फक्त माझ्या माणसांवर माया ठेवा. त्यांचे मुलगे लहानपणीच गेले. उरली मुलगी, तिची मुलं. त्यांतल्या एकाला, हुसेनना, करबल्यात पाण्यावाचून मारलं. त्याच्या बाजूने मेलेल्यांत जौन नावाचा एक होता, काळा, माझ्यासारखा, पूर्वीचा गुलाम. हुसेन त्याला म्हणाले, तू जा. तो गेला नाही. हुसेननी त्याचं डोकं मांडीवर घेतलं असं सांगतात. तिथे कोण कुठल्या देशाचा हे कुणी विचारलं नाही, भावा. मग आम्ही कशाला विचारू?’

‘माजी आई फातिमा,’ दस्तगीर म्हणाले, ‘भण फातिमा, नात बी फातिमाच. दुसरं नाव सुचतच न्हाय वं कुणाला.’

अण्णांचं वेगळंच. ‘मला ते अरबी-बिरबी काय कळत न्हाय. पर तानलेल्या लेकराला पाणी न देता मारलं म्हंजे… ते कुटलं बी असू दे की.’

बातमीच्या दृष्टीने हे सगळं निरुपयोगी होतं. मी वही मिटली. इद्रिसचा फोन नंबर घेतला, पत्ता घेतला नाही. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगून ठेवतो.

निघताना अण्णा म्हणाले, उद्या भेटीला या. पंजा कधी कधी ओढतो, बघा. मी हसलो. म्हटलं, अण्णा, ओढतो तो तुमचा दंड. दिवसभर वजन धरलं की स्नायू आपोआप झटके देतात, त्याला डॉक्टरांकडे नाव आहे.

‘धरा की मग उद्या तुमी,’ अण्णा म्हणाले. ‘का पेन सोडून दुसरं काय उचलत न्हाय?’

पैलवान हसले. मी धरतो म्हणालो. हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची, एवढाच हेतू होता.

नवव्या दिवशी सकाळी अकराला मी नेहमीची बातमी वेबसाइटवर टाकून मोकळा झालो. ‘पारंपरिक मार्गाने पंजाभेट उत्साहात.’ भेट अजून व्हायची होती. आमच्याकडे असंच करतात. त्यानंतर तालमीत गेलो.

साडेबाराला मिरवणूक चहाच्या टपरीच्या कोपऱ्यावर आली. हलगी चालू होती. दस्तगीरनी मला बूट काढायला लावले, कमरेला हिरवं फडकं बांधलं. ‘सरळ धरायचा,’ ते म्हणाले. ‘आडवा करायचा न्हाय, तिरका करायचा न्हाय. हात भरला तर सांगा, लाज न्हाय त्यात.’ इद्रिस आला नव्हता. त्याचा रोजा आहे असं कुणीतरी म्हणालं.

पहिली पन्नासेक पावलं फक्त वजन होतं. खांदा दुखू लागला. ‘ओढ काही लागत नाही, अण्णा,’ मी मोठ्याने म्हटलं. दोन-चार जण फोनवर चित्रीकरण करत होते. मी त्यांच्याकडे बघून हसलोसुद्धा. ते हसणं चित्रीकरणात आहे.

मग पंजा डावीकडे वळला.

झटका नव्हता. थरथर नव्हती. म्हशीचं दावं हातात असावं आणि म्हैस आपल्या घराकडे वळावी, तशी सावकाश, न थांबणारी ओढ. मी दोन्ही हातांनी मागे रेटलं. पाय पुढे गेले. मी काठी सोडून देऊ शकलो असतो, पण एवढ्या लोकांसमोर पंजा खाली पडला तर पुढे काय होईल ते मला ठाऊक होतं. म्हणून सोडली नाही.

‘तिकडं न्हाय, तिकडं न्हाय!’ अण्णा मागून ओरडले. ‘वर पायप हाय बोळाला! अडकंल!’

बोळाच्या तोंडाशी दोन घरांच्या मधून पाण्याचा लोखंडी पाइप आडवा गेलेला आहे. म्हणून पंजा त्या बोळात कधीच नेत नाहीत. मी वर बघितलं नाही. आवाज झाला नाही, धक्का लागला नाही. बोळ संपला तिथे काठीचं खालचं टोक एका दाराच्या पायरीवर टेकलं. त्यानंतर काठी हलेना. मला नाही, मागून आलेल्या दोन पैलवानांनाही नाही.

दस्तगीर धापा टाकत आले. हलगी थांबली होती. दारामागून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

‘ही तर इद्रिसची खोली,’ ते म्हणाले आणि दार बडवू लागले. ‘इद्रिसबाबा! ए बाबा!’

उत्तर आलं नाही. अण्णांनी पैलवानांकडे बघितलं. ‘बघत काय बसलायसा? हाना की लाथ!’

तिसऱ्या लाथेला कडी तुटली. न्हाणीघराला खिडकी नव्हती. गॅसचा गिझर चालू होता, नळ चालू होता, इद्रिस भिंतीला टेकून खाली घसरलेला. ओठ लालभडक. त्याला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. दोन पैलवानांनी त्याला मधे बसवून मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं. मी बोळातच उभा होतो, अनवाणी. काठी तोपर्यंत नेहमीसारखी हलकी झाली होती. अण्णांनी ती एका हाताने माझ्याकडून घेतली. त्याच वेळी खिशातला फोन वाजला. भेट शांततेत पार पडल्याबद्दल शांतता समितीच्या पुढाऱ्याने आभार मानले होते. बातमी त्याने वाचली होती.

डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड. वेळेत आणलं. आणखी दहा-पंधरा मिनिटं गेली असती तर उपयोग नव्हता.

नंतरचे तीन दिवस मी तपास केला, कारण मला तेवढंच करता येतं. इद्रिस कुठे राहतो हे मला माहीत नव्हतं. अण्णांना त्या बोळात भाडेकरू राहतात एवढं माहीत होतं, पण पंजा त्यांच्या हातात नव्हता. पाण्याचा आवाज हलगीच्या आवाजात कोपऱ्यावर ऐकू येणं शक्य नाही. मी उभं राहून तपासलं. चार फोनमधली चित्रीकरणं सलग पाहिली. मला कुणी ढकललेलं नाही. मग पैलवानांना घेऊन टेपने मापं घेतली. जमिनीपासून पाइपपर्यंत सात फूट दोन इंच. पंजा, काठीसकट, नऊ फूट चार इंच, आणि मी तो जमिनीपासून हातभर वर धरला होता. चित्रीकरणात पाइपाच्या अलीकडे पंजा उभा आहे आणि पलीकडेही उभा आहे. मधला क्षण चारही फोनमध्ये माणसांच्या डोक्यांनी झाकला गेलाय. सेहऱ्याचं एक फूलही निसटलेलं नाही. मला स्पष्टीकरण देता येत नाही. ज्यांना देता येतं असं वाटतं, त्यांनी मला फोन करू नये. पुरे झाले.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गोष्टीत इद्रिसने शुद्ध हरपताना तीनदा ‘या हुसेन’ अशी हाक मारली असं आहे. ती वाचून बायका लेकरं घेऊन माझ्या घरी येतात, डोक्यावर हात ठेवा म्हणतात. मी दार लावून घेतो. दुसऱ्या बाजूचे लोक मला विकला गेलेला पत्रकार म्हणतात. दोघांनीही इद्रिसला विचारलेलं नाही. मी विचारलं.

तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. आवाज बसला होता.

‘हाक मारलीस?’

‘न्हाणीघरात?’ तो म्हणाला. ‘भावा, न्हाणीघरात आम्ही ही नावं घेत नाही. चक्कर आली, बसलो. एवढंच आठवतं.’

‘मग पंजा का वळला?’

‘मला अल्लाहने वाचवलं. पंजा पितळेचा आहे, कालही सांगितलं.’ त्याला दिवसांचा हिशेब लागत नव्हता. मग तो ओठांत काहीतरी पुटपुटला. दस्तगीर शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांचेही ओठ त्याच लयीत हलत होते. दोघांचं एकदमच संपलं.

‘दुरूद,’ दस्तगीर मला म्हणाले. ‘तुमी लिवू नगा ते पेपरात.’

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी इद्रिसला डिस्चार्ज मिळाला. अण्णा रिक्षा घेऊन आले होते. जिन्याच्या बावीस पायऱ्या तो कुणाचाही आधार न घेता, स्वतःच्या पायांनी उतरला.