जागेवरून जरासं

सप्टेंबरमध्ये इथे परदेशात शाळा उघडली आणि माझ्या आठ वर्षांच्या ईराने शाळेत जाणंच बंद केलं. युनिफॉर्म दिसला की तिच्या पोटात दुखायचं, हात गार पडायचे, आणि जिन्याचा कठडा ती इतका घट्ट धरायची की सोडवता सोडवता मलाच रडू फुटायचं. कोणी मारलं नव्हतं, कोणी चिडवलं नव्हतं. नुसती भीती होती. शाळेतल्या बाई ‘स्मॉल स्टेप्स’ म्हणायच्या आणि मी मान डोलवायचे, पण पहिली स्टेप कुठली, तेच मला कळत नव्हतं. देवापुढे दिवासुद्धा मी रागानेच लावत होते. इतकी वर्षं माझ्या हातचे मोदक खातोस, आणि एवढंही जमत नाही तुला?

त्यातच आमचा दीड दिवसाचा गणपती आला. क्रॉयडनच्या आमच्या घरी उत्तरपूजा पुण्याचे गुरुजी व्हिडिओवरून सांगतात. या वेळी ते नेमके तापाने आडवे झाले आणि त्यांच्या जागी फोनमध्ये दुसरेच वयस्कर गुरुजी आले. त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. नवरा कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे पूजेला मीच बसले होते. ईरा शेजारी अक्षतांची वाटी धरून होती.

“ताई, अक्षता वाहा आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवा,” गुरुजी म्हणाले. मी बोटभर सरकवली. “झालं. देव निघाले.”

“पण बाप्पा तर इथेच आहे!” ईरा म्हणाली.

नेहमीचे गुरुजी तसेच पुढे गेले असते. हे थांबले, हसले. “बाळा, निघालं की लगेच पोचायचं नसतं. आधी जागेवरून जरासं हलायचं. बाकीचं नंतर.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांना आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. मागून आवाज आला, “आई, बघ, हलवलं!” ईरा पायजम्यातच दारात उभी होती आणि तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. मी चहा उतू जाऊ दिला.

मग आमचं तेच सुरू झालं. आज युनिफॉर्म घालून फाटकापर्यंत, उद्या ट्रॅमच्या स्टॉपपर्यंत. एकदा स्टॉपवर तिला जोराचं रडू आलं. घरी पळायचं नाही आणि ट्रॅममध्येही चढायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं आणि तिथेच उभ्या राहिलो. ट्रॅम येत होत्या, जात होत्या. हळूहळू तिचे हुंदके थांबले, माझ्या मुठीतला तिचा हात ऊबदार झाला. “भीती गेली,” ती म्हणाली, “आणि मी इथेच आहे!” त्या दिवशी आम्ही घरी नाचत आलो. पुढे ट्रॅममध्ये बसलो, रविवारी बंद शाळेला बाहेरून फेरी मारली, मग एकदा बाई स्वतः शाळेच्या फाटकाशी येऊन तिच्याशी गप्पा मारून गेल्या.

आणि एका सोमवारी तिने माझा हात सोडला. खरं तर मीच घट्ट धरला होता, तिने तो सोडवून घेतला. दप्तर सावरत ती थेट आत गेली, दारात वळली आणि सगळ्या पालकांसमोर मराठीत ओरडली, “आई, मी येतो!”

एरवी मी ‘येते म्हण गं’ म्हणून टोकलं असतं. त्या दिवशी फुटपाथवर उभी राहून मी हसतही होते आणि रडतही होते. इतके दिवस मी देवाकडे तिला पोचवून दे म्हणून मागत होते. त्याने मला फक्त जरासं हलवायला शिकवलं आणि पोचवायचं काम स्वतःकडे ठेवलं. त्या गुरुजींशी पुन्हा बोलणं झालं नाही, पण दिवा लावताना रोज त्यांची आठवण येते.

घरी आले. बाप्पा बसला होता ती जागा रिकामीच होती. तिथे डोकं टेकवलं आणि म्हटलं, “पोचली रे.”