दातांवर घासलेला हार

कल्पना करा, मोहरीएवढे नऊशे पांढरे मणी तुम्ही एकेक करून सुईने ओवताय. मणीमावशीने असा हार आठ दिवस खपून केला आणि दुकानात मांडला. मांडते न मांडते तोच एका बाईने, मोती खरा की खोटा बघतात तसा, तो दातांवर घासला.

"अहो ताई, काच आहे ती!"

"असू दे, खात्री केलेली बरी."

लिपस्टिक आणि थुंकीने बरबटलेला हार टाकून बाई चालत्या झाल्या. मावशीला शिसारी आली. चिमटीत धरून तिने तो साबणाने धुतला, तर गाठच सुटली आणि निम्मे मणी मोरीत गेले.

काच म्हणून सांगितल्यावरही ती बया दातांनी कसली खात्री करत होती?