आवाज नसलेलं डबल

वोलोआन गावात ब्रिजच्या डावातलं ऊम नोल्डीचं डबल ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. लाकडी घरं बांधणारा सुतार, आणि आवाजही लाकडावर करवत घातल्यासारखा. विरुद्ध जोडीला त्यांच्याच बोलीत दुप्पट बुडवायचं असलं की तो टेबलावर मूठ आपटून "डब्बल!" ओरडायचा, कोंबड्या उडायच्या. आणि बायकोला "माझ्याकडे पानं आहेत, आता तू बोल" असं सांगायचं असलं की तोच शब्द लाडात यायचा, "डबऽऽल?" जणू आणखी एक केळं मागतोय.

बायको म्हणजे आल्चे; तो गावाचा ऊम, काका, तर ती तांते, काकू. घरापुढे केळी तळून दाबू-दाबूच्या तिखट चटणीबरोबर विकायची आणि लग्नापासून ब्रिजमध्ये त्याचीच भिडू. गावात सगळे असेच खेळत. प्रत्येकाला प्रत्येकाचा सूर पाठ. याला लबाडी म्हणतात हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आलं ते खालच्या गावच्या निवृत्त हेडमास्तरांच्या, मेनेर म्हणजे गुरुजी रोम्पासांच्या. "ही जोडी पत्ते नाही खेळत," भर चर्चच्या अंगणात ते म्हणाले, "नवऱ्याचा गळा खेळतो, बायको ऐकते." आणि यंदा सुगीच्या सणाच्या स्पर्धेसाठी त्यांनी बोलीच्या कार्डांचे डबे आणवले. तोंडाने एक अक्षर बोलायचं नाही, कार्ड काढून ठेवायचं. डबलचं कार्ड लाल.

"बघून घेऊ म्हाताऱ्याला!" नोल्डी गरजला.  आल्चेला मात्र बोचलं ते वेगळंच. इतकी वर्षं आपण खेळलो, की खरंच नुसतं ऐकलं?

चर्चच्या हॉलमध्ये शेवटच्या फेरीत पहिल्या नंबरासाठी दोनच जोड्या उरल्या, आणि त्या समोरासमोर आल्या. आल्चेच्या डावीकडे मेनेर, उजवीकडे त्यांची मेहुणी फेनी, समोर ओठ आवळून लालबुंद झालेला नोल्डी. भोवती अर्धं वोलोआन.

शेवटचा डाव. आल्चे एक बदाम बोलली. मेनेरांनी एक इस्पिक. नोल्डीने दोन बदाम ठेवून तिला साथ दिली. फेनी दोन इस्पिक. आल्चे पास, मेनेर पास. आता नोल्डी.

त्याचा हात डब्यावर घुटमळला.  मग त्याने लाल कार्ड काढलं आणि ठेवलं. इतकं हळू, की जणू झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतोय.

फेनीचा पास. सगळ्यांचे डोळे आल्चेवर.

हळू ठेवलं. म्हणजे "डबऽऽल?" म्हणजे तू बोल. तिचा हात तीन बदामच्या कार्डाकडे निघालासुद्धा. कान सांगत होते आणि हात ऐकत होता, सवयीने.

तिने हात मागे घेतला. तीन बदाम नको असताना बोलले तर डाव बुडणार. पास म्हटलं आणि मेनेरांनी बोलीला लागणारे आठ हात केले, तर दोन इस्पिकचे गुण डबल होऊन त्यांना गेम आयती. आणि उद्यापासून केळी घ्यायला येणारा प्रत्येक जण म्हणणार, बघा, गळा बंद झाला आणि खेळ संपला.

"सावकाश, तांते," मेनेर गोड हसले. "इथे ऐकू येण्यासारखं काही नाही."

तिने डोळे मिटून घेतले. मेनेर इस्पिक बोलले, म्हणजे त्यांच्याकडे पाच तरी. फेनीने साथ दिली, तिच्याकडे तीन. माझ्या हातात एकच. मग उरलेली चार? समोर. मेनेरांच्या बरोबर मागे दबा धरून.

तिने पासचं कार्ड ठेवलं. गर्दीतून कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं.

नोल्डीने बदाम टाकलं. आल्चेने एक्क्याने हात घेतला, मग राजाने. मेनेर मान खाली घालून खेळू लागले, एकेक हात ओढत. सात झाले. वोलोआनकरांचे चार. दोनच पानं उरली. मेनेरांनी इस्पिकची दश्शी पुढे केली, एका बोटाने. नोल्डीने तिच्यावर गुलाम ठेवला. शेवटचा हातही त्याचाच. डाव बुडाला.

तो शब्द मग त्याच्या तोंडून सुटलाच, "डब्बल!" अंगणातली कोंबडी हॉलमध्ये शिरली.

"एकटं इस्पिक हातात घेऊन पास?" मेनेर पुटपुटले. "कळलं कसं?"

"पाच तुमची, तीन फेनीबाईंची, एक माझं," आल्चे म्हणाली. "बाकीची चार काय पाळकांच्या खिशात होती?"

 मेनेरांनी उठून दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

घरी परतताना कार्ड हळू का ठेवलंस असं तिने विचारलं, तर नोल्डी रुसला. "मी मुद्दाम हळू ठेवलं. आपटलं असतं तर म्हणाले असते, मुठीने सांगतो."

"आणि तेवढ्यावर मी तीन बदाम बोलणार होते, बुडवलं असतंस." ती थांबली. "नोल्डी, यापुढे गावातसुद्धा एकाच सुरात."

दुसऱ्या दिवशी कढईपाशी बसून तो सराव करत होता. "डबल. डबल." ताटकळलेलं गिऱ्हाईक हसत होतं.

"यातलं बुडवायचं कुठलं?" केळं उलटत तिने विचारलं.

"पानं मोज की," नोल्डी म्हणाला.