बाळू नेमकं काय करायचा

बाळू गेल्याचं त्याच्या मेहुण्याच्या फोनवरून कळलं. दहाव्याला मी बोलायचं, हेही त्याच फोनवर ठरलं. आमच्या भोर भागात दशक्रियेला नदीकाठी माईक असतो, आणि माणूस जितका मोठा तितकी श्रद्धांजली वाहणाऱ्यांची रांग लांब. हिर्डोशीचा बाळू पुण्यात कंपनीत इंजिनियर, म्हणजे रांग बरीच लांब होती.

आदल्या दिवशी त्याच्या आईने, माझ्या मावशीच म्हणायच्या नात्याने, मला गाठलं. "अनंता, तू शाळेपासनंचा त्याचा. लेकरू काय काम करत व्हतं, ते मला कळंल असं सांग. हितं कुणालाच ठावं न्हाई."

मला ठाऊक होतं. शेवटच्या भेटीत ओट्यावर बसून त्याने समजावलं होतं. दोन यंत्रं एका तारेवरून बोलतात, पण घड्याळासाठी वेगळी तार नसते. ऐकणाऱ्याने येणाऱ्या संदेशाच्या चढउतारांवरूनच बोलणाऱ्याचा ठेका ओळखायचा. पुढे गेलो तर जरा रेंगाळायचं, मागे पडलो तर पाय उचलायचा. असं सतत जुळवून घेणारी सर्किटं, फेज-लॉक्ड लूप, बाळू बनवायचा. "म्हणजे घड्याळजी," मी म्हणालो. "व्हय. पण आपलंच घड्याळ बरोबर, असं कधी न म्हणणारा..." तो म्हणाला.

दहाव्याला पहिल्या वक्त्याने बाळूला शास्त्रज्ञ केलं, दुसऱ्याने तालुक्याचं भूषण, तिसऱ्याने थेट उपग्रहावर बसवलं. असल्या भाषणांची मी जन्मभर टिंगल केली आहे. माझी पाळी आली. तारेचं, ठेक्याचं सांगू लागलो, तोच पुढच्या रांगेतल्या एका पुढाऱ्याने जांभई दिली. आणि माझ्या तोंडून गेलं, "ज्याच्या इशाऱ्यावर उपग्रह बोलत, तो आपला बाळू..." माना डोलल्या. निघताना मावशी एवढंच म्हणाली, "तूबी त्यांच्यावानीच बोललास."

गेल्या आठवड्यात हिर्डोशीला गेलो. म्हटलं, "मावशी, तुम्ही बाया दोघी-दोघी एका उखळात भात कांडायच्या, तेव्हा आपलं मुसळ कधी टाकायचं ते कसं कळायचं?"

"समोरचीच्या दणक्यावर. न्हाईतर मुसळावर मुसळ."

"बाळूचं यंत्र तसंच ऐकत राहायचं."

"आन् समोरची थांबली, मंग?"

"मग ठेका सुटतो. म्हणून सांगण्यासारखं काही नसलं, तरी तारेवर काहीतरी पाठवत राहतात."

ती खिडकीत चार्जिंगला लावलेल्या मोबाईलकडे पाहत राहिली. "रोज सांजंला फोन करायचा. काय रं, म्हनलं की, काय न्हाई आये, उगंच..." मग माझ्याकडे वळली. "एवढंच व्हतं, तर तवा का न्हाई सांगितलंस?"

एका पुढाऱ्याला जांभई आली म्हणून, हे खरं उत्तर. ते तिला सांगवेना. ऊन कलल्यावर तिने मोबाईल काढून मांडीवर घेतला, आणि मी खाली मान घालून चपला शोधू लागलो.