रशीदाभाभीनं कापलेले टायर

आमच्या जळोचीत टायर तपासायची एकच पद्धत आहे, लाथ घालायची. मालक असो, ड्रायव्हर असो, नाहीतर नुसता बघ्या असो, तो गाडीभोवती एक फेरी मारतो, चाकाला लाथ घालतो आणि "भारी हाय" म्हणून मोकळा होतो. जरा जाणकार असला तर चाक खोलायची टॉमी उचलून टायरवर हाणतो आणि कान देऊन आवाज ऐकतो. त्यापुढं कुणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणून रशीदाभाभीची गोष्ट सांगतो. तिला अजूनही लोक हेकट म्हणतात. म्हणू देत. गावात एखादं तरी माणूस हेकट असावं, नाहीतर बाकीच्यांना आपण शहाणे आहोत असंच वाटत राहतं.

रशीदाभाभी म्हणजे आमच्या शेजारच्या दस्तगीर बागवानची बायको. बागवान घर फळांच्या धंद्यातलं. थोरले भाऊ इमामभाई पेरू-डाळिंबाचे मोठे व्यापारी. दस्तगीरचा जीव मात्र लोखंडात. माळेगाव रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, कारखान्यावर येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या तो दुरुस्त करायचा. एकदा पुण्याहून तो कुणाची तरी भंगारात निघालेली कॅरॅव्हॅन ओढत घेऊन आला. कॅरॅव्हॅन म्हणजे दोन चाकांवरची एक खोली, गाडीच्या मागं जोडायची आणि हवी तिकडं न्यायची. पत्रा गंजलेला, आत उंदरांचा संसार. सगळ्यांनी दस्तगीरला वेड्यात काढलं. त्यानं रात्रीचा दिवस करून ती नवी केली. आत बिछाना, स्वयंपाकाचा ओटा, खिडक्यांना जाळ्या, खाली कोरे टायर.

भाभीचं माहेर इंदापूर तालुक्यात, कुंभारगावाला, उजनीच्या पाण्याच्या काठावर. थंडीत तिथं फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरे घेऊन माणसं. भाभीच्या भावाच्या रानात कॅरॅव्हॅन उभी करायची, पाहुण्यांना मुक्कामाला द्यायची, भाभीनं रांधून घालायचं, असा नवरा-बायकोचा बेत होता. बेत ठरला आणि दस्तगीर काविळीत गेला. कॅरॅव्हॅन अंगणातल्या लिंबाखाली जागच्या जागी राहिली.

दस्तगीर खंडेनवमी मोठ्या थाटात करायचा. हत्यारं पुजायची, गिऱ्हाइकांना पेढे द्यायचे, गाड्या धुवायच्या आणि टायरना इंजिनाचं जळकं ऑइल फासून काळेकुळकुळीत करायचे. ही आमच्याकडची जुनी रीत. त्यात हिंदू-मुसलमान काही नाही, ज्याच्या दारात चाक त्याच्या घरी खंडेनवमी. तो गेल्यावर दुकान मोडलं, पण भाभीनं हे एक सोडलं नाही. दर खंडेनवमीला ती जुन्या ओढणीचं फडकं घेऊन त्या चाकांपाशी बसायची आणि टायरना ऑइल लावायची. आमच्यात नवऱ्याच्या फोटोला हार घालतात. मला विचाराल तर त्या हारापेक्षा ह्या तेलात जास्त माया होती.

यंदा इमामभाईंना त्या जागेवर माल भरायची शेड घालायची होती. कॅरॅव्हॅनला ते कधी कॅरॅव्हॅन म्हणाले नाहीत, त्यांच्या लेखी तो डबा. आळीतले वडीलधारे मोहनराव, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांना बोलावून त्यांच्यासमोर इमामभाईंनी सांगून टाकलं.

"रशीदा, येत्या रविवारी डबा ह्या फाटकातनं भाईर पडला तर तुझा. न्हायतर चाकं काढतो आणि हितंच बसवतो. माझं हापिस हुईल."

"पडंल," भाभी म्हणाली.

आता ह्यात काय पणाला लागलं होतं ते सांगतो. घर इमामभाईंच्या नावावर, अंगण इमामभाईंचं, ती पिते तो चहासुद्धा त्यांच्या साखरेचा. पोरगा सोहेल मस्कतला ड्रायव्हर. भाभी एकदा मला म्हणाली होती, "गोकुळ, त्या घरात मी हाय, पण माझी अशी एक खुंटी न्हाय." तिची म्हणावी अशी वस्तू एकच, ती लिंबाखाली उभी होती. तिचं ऑफिस झालं असतं तर भाभी उरलेला जन्म त्या ऑफिसात चहा पोचवत राहिली असती. आणि इमामभाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी मी माझा पिकअप मागं घेऊन कॅरॅव्हॅन जोडली. निम्मी आळी जमली होती. आबांनी चाकांखाली लिंबं ठेवली. भाभी नव्या साडीत, पिशवीत भाकरी बांधून तयार. हवा आदल्या दिवशीच भरून घेतली होती, पण निघताना तिनं पुन्हा गेज लावलं. एका चाकातली बरीच हवा उतरली होती.

"पंक्चर असंल," मी म्हणालो. आम्ही चाक फिरवून पाहिलं. खिळा नाही, काच नाही. भाभीनं सरळ सोहेलला व्हिडिओवर फोन लावला.

"अम्मी, टायरचं वय किती?" त्यानं विचारलं.

"कोराच हाय रं. कुठं फिरलाय तो?"

"फिरण्यावर न्हाय. आतल्या अंगाला बघ, शेवटी चार आकडे असत्याल. पैले दोन म्हंजी कितवा आठवडा, फुडचे दोन म्हंजी साल."

भाभीनं पदर खोचला आणि नव्या साडीसकट गाडीखाली शिरली. बायका हसल्या. खालून आवाज आला, "बावीस, चौदा."

म्हणजे दोन हजार चौदा. दस्तगीरनं घातले तेव्हाचेच ते. अकरा वर्षं ऊन खात एका जागी उभे. सोहेल म्हणाला, "आमच्यात असला टायर बसगाडीला लावला तर मालक घरी पाठवील. चरांच्या तळाला बघ, चिरा हायत का." भाभीनं नखानं काळा थर खरवडला. खाली बारीक चिरा होत्या, तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा.

"त्यावर काय लावती तू?"

"आइल. तुझे अब्बा लावायचे, म्हणून मीबी."

पोरगं म्हणालं, "अम्मी, आइलनं रबर सडतं."

भाभी गाडीखालून बाहेर आली आणि तिथंच मातीत बसली. मी जवळ होतो म्हणून ते बोलणं मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही. तिचं तोंड मला बघवेना. ज्या फडक्यानं तिनं इतकी वर्षं नवऱ्याची आठवण जपली, त्याच फडक्यानं टायर खाल्ले होते. मला त्या पोराचा रागच आला. मस्कतमध्ये बसून खरं बोलायला काय जातं.

एवढ्यात इमामभाई आले. त्यांनी माझ्या हातातली टॉमी घेतली आणि दुसऱ्या टायरवर हाणली.

"कसा टण्ण वाजतोय. हवा मार आणि नीघ."

"हवेचं न्हाय भाई. त्याचं वय झालंय."

"वय तुझंबी झालंय."

"माझं झालंय, म्हणून मला दिसलं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि इमामभाईंचा चेहरा उतरला. आबा मधे पडले. "पोरी, पंधरा कोसाचा रस्ता. हळूहळू जाईल गोकुळ. आज हलली न्हाय तर तुझ्या जेठाचा शबूद खरा हुईल."

आबांचं चूक नव्हतं. फाटक समोर दहा पावलांवर होतं. नुसती रस्त्यावर काढून उभी केली असती तरी काम झालं असतं. मी तसं भाभीच्या कानात सांगितलंही. ती म्हणाली, "रस्त्यावर काढली की सगळी म्हणत्याल, आता आलीस तर जा की फुडं. आणि तू जाशील. तुझ्या मागं ही खोली, आणि तिच्या मागं ऊस भरलेल्या ट्रॉल्या. न्हाय जायचं." आणि मी खरोखरच गेलो असतो.

"मग चाकं काढतो," इमामभाई म्हणाले. "आबांच्या समोर ठरलंय."

"तुमी नका त्रास घेऊ. मीच काढते."

आणि तिनं काढली. जॅक लावला, पान्यावर पाय देऊन बोल्ट ढिले केले, लाकडी ठोकळ्यांवर खोली टेकवली आणि दोन्ही चाकं आणि स्टेपनी अंगणात आणून आडवी टाकली. इमामभाई हसायला लागले. ज्याची धमकी दिली ते बाईनं स्वतःच करून दाखवल्यावर दुसरं करणार काय.

मग आबांनी आमच्या गावची दुसरी रीत काढली. आमच्याकडं टायर मरत नाही. मोटारीचा टायर ट्रॉलीला, ट्रॉलीचा बैलगाडीला, बैलगाडीचा पाण्याच्या गाड्याला. आबा म्हणाले, "टाकायचेच तर मला दे. फवारणीच्या टाकीला घालतो. शंभूराज ट्रॅक्टरनं वढतो ती."

"शंभूराज तुमचा नातू हाय न्हवं आबा?" भाभी म्हणाली आणि आत गेली. येताना तिच्या हातात दस्तगीरचं कटरचं मशीन होतं. तिनं वाल्व्हची पिन काढून हवा सोडली, डोळ्याला त्याचाच चष्मा लावला आणि तिन्ही टायर बाजूनं कापले. जळक्या रबराचा वास आळीभर पसरला. ती रडत होती आणि हात थांबत नव्हता. पुन्हा कुणी मागायलाच नको, एवढा तिनं त्यांचा चुथडा केला. आबा दुखावले. मागितलेली वस्तू डोळ्यांदेखत कापणं म्हणजे आमच्याकडं अपमानच.

इमामभाईंनी एक तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा. आतनं धड हाय. कुंभारगावच काय, सोलापूरला जाऊन आला असता."

खरं सांगायचं तर गेलाही असता. तो फुटलाच असता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. भाभीलाही ते माहीत होतं. ती म्हणाली, "आजवर टिकला, एवढंच त्यातनं कळतं." आणि तिनं तो तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला.

दुपारी तिनं आपला बिस्तरा, शेगडी आणि दोन पातेली त्या चाकं नसलेल्या खोलीत नेली. सोमवारी गवंडी फळी-थापी घेऊन आला, तर भाभी दारात मेथी निवडत बसलेली. तो म्हणाला, "भाभी, भाईर या, खाली कोबा करायचाय." ती म्हणाली, "मी माझ्या घरात हाय. घरात माणूस असताना खाली कोबा करत न्हाईत." गवंडी इमामभाईंकडं गेला, इमामभाई आबांकडं गेले. आबा अजून रुसलेलेच होते, तरी म्हणाले की बाई आत असताना मी काही बोलणार नाही. तेवढा दिवस तिला मिळाला. असे बरेच दिवस तिनं मिळवले.

टायर लवकर मिळेनात. चाकाचं माप जुनं, बारामतीच्या दुकानदाराला बाहेरून मागवावे लागले. आले त्या दिवशी मीच तिला घेऊन गेलो. तिनं दुकानात उकिडवं बसून आकडे वाचले आणि टायर परत सरकवले. ते कधीचे गोदामात पडून होते.

"अहो बाई, कोरे हायत," दुकानदार म्हणाला. "हे बघा, अजून रबराचे केस हायत त्यावर."

"केसावरनं वय कळत न्हाय, बाबा. दुसरे मागवा."

मी शरमेनं बाहेर जाऊन उभा राहिलो. कुंभारगावाला फ्लेमिंगो येऊन बसल्याच्या बातम्या येत होत्या, तिचा भाऊ रोज फोन करत होता, आणि ही बया टायर परत करत होती. पण तिला घाई करा म्हणायची माझी छाती झाली नाही. अखेर तिच्या पसंतीचे आले. तिनं बसवले, गेज लावून हवा मोजली, रात्रभर ठेवली, सकाळी पुन्हा मोजली. तसूभरही उतरली नव्हती.

निघालो त्या दिवशी बुधवार होता. बघायला कुणी नव्हतं, लिंबं नव्हती. भाभी माझ्या शेजारी पिकअपमध्ये बसली. मी गिअर टाकला आणि समोर पाहिलं, तर फाटकाच्या मधोमध इमामभाई उभे, हात पाठीमागं बांधून.

"रविवारचं ठरलं हुतं," ते म्हणाले. "रविवार गेला. डबा माझा हाय."

मी भाभीकडं पाहिलं. आजपर्यंत ह्या माणसासमोर तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आताही तिनं आधी तो नीट केला. मग काच खाली केली.

"ठरवलं तुमी हुतं, भाई. गाडी माझ्या नवऱ्यानं केलीया आणि टायर मी घातल्यात."

इमामभाई हलले नाहीत. भाभी मला म्हणाली, "गोकुळ, सोड क्लच." मी सोडला. हळूहळू पिकअप पुढं जायला लागला, मागं खोली कुरकुरत निघाली. तरी इमामभाई जागचे हलेनात. भाभीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भाई, बाजूला व्हा. टायर नवे हायत, पर ब्रेकचं मी अजून बघितलं न्हाय."

ब्रेक तिनं आदल्या दिवशी माझ्याकडून तीनदा तपासून घेतले होते. ते मला ठाऊक होतं. इमामभाईंना नव्हतं, आणि ते बाजूला झाले.