कंट्रोलमधले दोन ठिपके

आमच्या लॅबमधून पेपर कमी निघाले, किस्से जास्त. उल्हासनगरच्या एका कॉलेजात वरच्या मजल्यावर आम्ही खेकडे, कोळंबी, झुरळं आणि गोमी यांच्या नसांमध्ये सेरोटोनिनवाल्या पेशी शोधायचो. सेरोटोनिन हे नसांमधलं निरोप्या रसायन आपल्याही मेंदूत असतं, तेव्हा उगाच नाकं मुरडू नका. खरे वाटतील ते किस्से गाळलेत, बाकीचे सांगते.

*

सुनील बुवापाड्याचा. पीएचडीला आला तेव्हा आमच्या गाइड मॅडमनी त्याला पहिली स्लाइड दाखवली. खेकड्याच्या नसेच्या गाठीत सेरोटोनिनवाल्या पेशींचे दोन हिरवे ठिपके चमकत होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. झुरळातही तशीच जोडी. गोमीतही. कधीकाळी वेगळ्या झालेल्या या भाऊबंदांनी ती जोडी सांभाळून ठेवली, हाच पुढे त्याच्या थिसिसचा कणा झाला.

तो जरा मागे सरकला. "मॅडम, हे आपल्याकडे बघतंय."

"बघू दे," मॅडम म्हणाल्या. "तू ड्रॉइंग काढ."

*

झुरळांसाठी मी समोरच्या सिंधी अंकलच्या दुकानातून बिस्किटं न्यायचे. ते हैराण.

"सब लोग मारने की दवा लेते हैं, आप खाना? इनकी आवाज़ आती है क्या?"

"नाही, अंकल."

"वही तो डर है, बेटा."

*

सेरोटोनिन टोचलं की खेकडा पायांवर उंच होतो, नांग्या पसरून गल्लीतल्या दादासारखा उभा राहतो. बदलापूरच्या प्राजक्ताने, आमच्या ज्युनिअरने, एकदा एकाला टोचलं आणि वेगवेगळ्या टबांतले सगळे उठले.

"कितींना दिलंस?"

"एकालाच, मॅडम."

पुन्हा करून पाहिलं तेव्हा एकच उठला. मॅडम म्हणाल्या, "बाकीच्यांचं बघून झालं असेल."

*

खेकडे प्राजक्ताची आत्या द्यायची, चामटोलीच्या शेतातून. पहिला मात्र सोडायची. म्हणायची, "त्यो सापडत नाय, त्यो बघायला येतो."

एकदा एक कमी पडला, म्हणून सुनीलने पहिलाच पिशवीत टाकला. आत्या भांडली नाही. "ने," म्हणाली. "आता त्याला सगळाच बघायला लागल."

*

थिसिस जमा करायची वेळ आली. सुनीलच्या आईने दारावर लावायला 'डॉ.' लिहिलेली पाटीसुद्धा करून आणली होती. राहिली होती फक्त त्या पहिल्या खेकड्याची कंट्रोल स्लाइड. कंट्रोलवर सेरोटोनिन ओळखणारी अँटीबॉडी मुद्दाम घालत नाहीत, त्यामुळे ती काळीच दिसायला हवी. ती चमकली तर आधीचं सगळं चमकणं खोटं, आणि थिसिस बुडाला.

ती चमकली. दोन ठिपके, त्याच जागी.

सुनील रडला. मला त्याच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी मॅडमनी नवी कंट्रोल स्वतःच्या हाताने केली, मायक्रोस्कोपखाली लावायला सुनीलकडे दिली, पडदे ओढले आणि भिंगांना डोळे लावले.

"आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही. सुनील, काढ ती स्लाइड."

सुनील जागचा हलला नाही.

"मॅडम, मी अजून लावलीच नाही. माझ्या हातात आहे."

मॅडमनी डोळे काढले नाहीत.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "बघतंय."