गोळीवरचा शेरा

घरात तिला 'चाळणी' म्हणत. दूधवाल्याच्या मापापासून नवऱ्याच्या सबबींपर्यंत काहीही समोर आलं की ती आधी विचारणार, कशावरून? नोकरीही तशीच मिळाली. एखाद्या औषधाच्या सगळ्या चाचण्या गोळा करून डॉक्टर मंडळी आढावा लिहितात आणि एक निष्कर्ष काढतात. त्या आढाव्यावर किती विसंबायचं, ते तपासायचं. प्रत्येक आढावा दोघांनी वेगवेगळा वाचायचा, आणि दोघांचे शेरे होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. तिची जोडीदार म्हणजे तिची नणंद, एकाच घरात राहणारी.

या खेपेला आढावा आला तो चक्कर थांबवणाऱ्या गोळीचा. सासूबाई तीच घेत होत्या, आणि डॉक्टरांनी ती दिली होती याच आढाव्याच्या भरवशावर.

वाचता वाचता तिने दोन ठिकाणी खुणा केल्या. एकाच चाचणीतले रोगी दोनदा मोजले होते. म्हातारी माणसं पडल्याची नोंद असलेल्या चाचण्या वगळल्या होत्या, आणि का, ते कुठेच लिहिलं नव्हतं. तिने सगळ्यांत खालचा शेरा दिला: विसंबू नये. सासूबाईंना सांगावं, तर ते नणंदेच्या कानावर जाणार आणि तिचा शेरा बिघडणार. नणंदेचं वाचन तर रेंगाळतच होतं. रोज संध्याकाळी सासूबाई गोळी गिळत, आणि ही हातातलं काम टाकून त्यांचं न्हाणीघरापर्यंतचं चालणं बघत राही.

शेवटी शेरे उघडले. नणंदेचाही तोच होता. हिला हायसं वाटलं, मग त्याचीच लाज वाटली.

"म्हणजे गोळी वाईट आहे का गं, वहिनी?"

"तेही कळत नाही, ताई. एवढंच कळतं, की त्यांनाही कळलेलं नाही."

डॉक्टर उद्याशिवाय भेटणार नव्हते. दोघींनी घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, लेक आणि सून दोघी शिकून शहाण्या झाल्या आणि घरी काय आणलं, तर 'माहीत नाही'. मग त्यांनी हात पुढे केला. "आता तुम्हीच ठरवा. द्याल ते घेईन."

चाळणीने गोळ्यांचं पाकीट मिटून फडताळात ठेवलं.

त्यानंतर दोघी त्यांच्या मागेमागे. "मी काय चोर आहे का, पहारा द्यायला?" असं म्हणत सासूबाई उठल्या आणि दारापाशी त्यांचा तोल गेला. दोघींनी दोन दंड धरले. आजची गोळी न घेतल्याने, की कालची घेतल्याने, दोघींनाही सांगता येईना.